जुन्या एअरस्ट्रीमचे एक्सल बदलायचेत, कुठले घेऊ?

रानवाट_ओहायो:
मंडळी नमस्कार. १९७२ ची एअरस्ट्रीम ओव्हरलँडर घेतलीये, म्हणजे गाडीमागे ओढायचा राहायचा ट्रेलर, २७ फुटी, दोन एक्सलवाली. आधीच्या मालकाच्या शेतात वर्षानुवर्षं एका जागी उभी होती. आतलं काम चालूए पण चाकांच्या वरच्या पत्र्याचे रिव्हेट सुटायला लागलेत. एकजण म्हणतो एक्सल गेले, दुसरा म्हणतो टायर नवे टाक नि खुशाल यलोस्टोनला जा. कोणाचं ऐकू?

जॅकवाला:
पहिल्याचं ऐका. या गाडीला पाटे नसतात हो, रबरचा एक्सल असतो, ड्युरा-टॉर्क म्हणतात तो. पाइपात दांडा आणि भोवती रबराच्या कांड्या ठासून बसवलेल्या, चाक वर उचललं गेलं की दांडा आत फिरतो, रबर दबतं, झाली स्प्रिंग. पन्नास वर्षांत ते रबर दगड होतं, उभ्या गाडीत तर आणखीच कारण सगळं वजन त्याच जागी बसून असतं, मग खड्ड्याचा दणका थेट चेसिसला आणि तिथून तुमच्या रिव्हेटला.
सपाट जागी गाडी रिकामी उभी करा आणि चाक धरणारा आर्म बघा. पाइपकडून चाकाकडे जाताना तो खाली उतरता हवा. आडवा दिसला किंवा वर चढलेला असला तर विषय संपला. जॅक मात्र एक्सलच्या पाइपला लावू नका, एक्सलजवळ फ्रेमला लावा.

रानवाट_ओहायो:
आत्ता बघून आलो, चारही आर्म आडवे 😭 क्षमता किती घेऊ? जरा जास्तीची घेतली तर सेफ ना?

माई_ह्यूस्टन:
अजिबात नको रे! जास्तीच्या क्षमतेचा म्हणजे कडक एक्सल, हलकी गाडी त्यावर उडत राहते आणि परत तेच रिव्हेट. ट्रकस्टॉपवर कॅट स्केल असतो तिथे नेहमीचं सामान, पाणी, गॅस भरून वजन करून घे आणि त्यावरून ठरव. आमच्याकडे डेक्स्टर कंपनीचे टॉर्फ्लेक्स आहेत, तेही रबरचेच एक्सल, आर्म २२.५ अंश खाली, मी समाधानी आहे. दोन्ही एक्सल एकदमच बदल, एक नवा एक जुना ठेवलास तर नवीनच बिचारा सगळं ओझं ओढेल.
पण त्याआधी मागच्या बंपरवर उभा राहून बघ. बंपर खाली जातोय आणि वरचा पत्रा जागेवरच, असं झालं तर मागची फ्रेम बॉडीपासून सुटलीये, तिथलं प्लायवूड कुजलेलं असतं. पैसे आधी तिकडे घाल.

जॅकवाला:
माई, फ्रेम आधी हे पटलं नाही, मेलेल्या एक्सलवर दुरुस्त फ्रेम परत हादरणारच. एकाच वेळी करा. एअरस्ट्रीमचा जॅक्सन सेंटरचा कारखाना तुमच्याच राज्यात आहे, सर्व्हिस तिथेही होते, पण बोल्ट काढायची तयारी असेल तर घरीही जमतं.

माई_ह्यूस्टन:
बरं बाबा, एकाच वेळी 🙏

रानवाट_ओहायो:
ऑर्डर देताना मापं कुठली द्यायची?

जॅकवाला:
हे रेडीमेड नसतात, मापाने बनवून घ्यावे लागतात. चाक बसतं त्या हबच्या तोंडापासून पलीकडच्या हबच्या तोंडापर्यंत, फ्रेमला जिथे बोल्ट होतो त्या ब्रॅकेटचं बाहेरून बाहेर अंतर, आर्मचा कोन, ब्रेकचा साइज, आणि चाकाला बोल्ट किती. जुना एक्सल काढायच्या आधीच मोजा. आणि शॉक ॲब्झॉर्बरचे ब्रॅकेट कंपनीकडूनच लावून मागवा, नंतर पाइपला वेल्डिंग केलंत तर नवं रबर आतल्या आत जळेल.