रिख्तरनी दिवे मालवले, त्यात श्रोत्यांचं नुकसान झालं का?

जुना_मॉस्कोकर

परवा घरी चार जण जमलो होतो, तिथे वाद झाला. तो डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

स्व्यातोस्लाव रिख्तर (१९१५–१९९७) हे विसाव्या शतकातले फार मोठे पियानोवादक. आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षं ते अंधाऱ्या सभागृहात वाजवायचे. दिवा एकच, तोही समोरच्या स्वरलिपीवर. त्यांचं म्हणणं असं होतं की वादकाच्या हातांकडे, चेहऱ्याकडे बघून मिळतं काय? दिसतात ते नुसते कष्ट, आणि त्यात संगीतावरचं लक्ष उडतं. माझा मित्र म्हणाला, ही श्रोत्यांची उपेक्षा आहे. मला ते अजिबात पटलं नाही.

मी त्यांना दोनदा ऐकलं आहे. पहिल्यांदा १९७८मध्ये, मॉस्को कॉन्झर्वेटरीच्या, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयाच्या, मोठ्या सभागृहात. मी तेव्हा तिथे शिकत होतो. रस्त्याच्या कोपऱ्यापासूनच लोक विचारत होते, "लिश्नी बिलेत?" म्हणजे जादा तिकीट आहे का. माझी जागा पार वर, भिंतीवरच्या संगीतकारांच्या लंबगोल चित्रांच्या पातळीला. सभागृह उजळलेलं. ते झपझप आले, घाईत वाकले, बसले. भला थोरला माणूस. मग शुबर्टचा जी मेजर सोनाटा, म्हणजे अनेक भागांची पियानोची मोठी रचना. पहिला कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार स्वर) इतका सावकाश की दुसरा येतो की नाही असं वाटावं. शेवटी लोक एका ठेक्यात टाळ्या वाजवत राहिले, थांबेचनात.

दुसऱ्यांदा मार्च १९८९, लंडनचं बार्बिकन सभागृह. कामानिमित्त गेलो होतो. काळोख, दिव्याचा एक छोटा पिवळा तुकडा, बाकी काही नाही. मोझार्ट आणि शोपँ.

आता हे कसं झालं सांगतो. मॉस्कोची मैफल आठवली की आधी खांदे दिसतात, पाठ दिसते, पियानोच्या झाकणात पडलेलं प्रतिबिंब दिसतं. संगीत मागून येतं, तेही तुटक. लंडनची आठवली की दिसत काहीच नाही, पण मोझार्टच्या ए मायनर सोनाट्यातले डाव्या हाताचे एकसारखे आपटणारे कॉर्ड आत्ता, हे लिहिताना, ऐकू येताहेत. मोझार्टने हा सोनाटा १७७८च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये लिहिला. त्याच सुमारास त्याची आई तिथेच वारली. हे मला नंतर कळलं, पण त्या अंधारात काहीतरी भयंकर घडतंय हे तेव्हाच कळलं होतं. डोळ्यांना काम नव्हतं म्हणून कानांनी ते जपून ठेवलं, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

सवाईचा_वारकरी

काका, आठवण सुंदर लिहिलीत. मुद्दा मात्र मान्य नाही.

मी भीमसेनजींना सवाईत शेवटच्या दिवशी पहाटे ऐकलेलं आहे. तान निघायच्या आधी त्यांचा हात निघायचा. सूर कुठे चाललाय ते चेहऱ्यावर आधी उमटायचं आणि मग गळ्यातून यायचं. हे बघणं म्हणजे संगीतावरचं लक्ष उडणं नव्हे, ते ऐकण्याचाच भाग होतं. आणि समोरून गेलेली "वा!" त्यांच्यापर्यंत पोचायची, त्यावर पुढची जागा यायची. अंधार केला की ही देवघेवच तुटते. कलावंताला समोर माणसं नकोच असतील तर तिकिटं तरी का काढायची?

दुसरं. याच रिख्तरनी एका मुलाखतपटात सांगितलं आहे की लिस्ट या संगीतकाराचा सोनाटा सुरू करण्याआधी ते मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे मोजत. हलायचं नाही, बोट उचलायचं नाही. श्रोते कासावीस होतात, याला काही झालंय का असं त्यांना वाटायला लागतं, आणि मग पहिला स्वर. ज्याला श्रोत्यांची नाडी इतकी कळते त्याला तो एकुलता दिवा केवढा नाट्यमय दिसतो हे कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही. तुम्हाला लंडन लख्ख आठवतं ते अंधारामुळे नव्हे. तो अंधार हाच मोठा देखावा होता, म्हणून आठवतं.

पट्टीवरची_बोटं

मी मुलांना पियानो शिकवते, तेव्हा माझं म्हणणं जरा त्या अंगाने.

आधी एक गोष्ट सुटली आहे ती. स्वरलिपी समोर ठेवणं हा सगळा तत्त्वाचा भाग नव्हता. उतारवयात रिख्तरचे कान दगा देऊ लागले होते. वाजवलेला स्वर त्यांना प्रत्यक्षापेक्षा वरचा ऐकू यायचा, कधी एका स्वराने, कधी त्याहून जास्त. बोटं एक पट्टी दाबताहेत आणि कान दुसरीच सांगताहेत! असल्या अवस्थेत पाठ, म्हणजे कागद न बघता, वाजवायचं म्हणजे काय, कल्पना करा. कागद त्यांचा आधार होता. कागद आला म्हणून दिवा आला. हे लपवायची काही गरज नाही, उलट असं असून ते वाजवत राहिले याने माझे हात जोडले जातात.

पाठ वाजवण्याची सक्तीसुद्धा फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकातली पियानोवादक क्लारा वीक, म्हणजे पुढची क्लारा शूमान, तरुणपणी स्वरलिपीशिवाय वाजवायला बसली तेव्हा लोकांनी तिला आगाऊ ठरवलं होतं. शंभर वर्षांत उलटं झालं, कागद ठेवणारा कच्चा ठरू लागला. रिख्तरनी तो कागद ताठ मानेने परत आणला. इथपर्यंत मी तुमच्या बाजूने.

दिवे मालवण्याबद्दल मात्र नाही. त्यांच्या पंजात बारा पांढऱ्या पट्ट्या मावायच्या म्हणतात. आवाज बोटातून नाही, खांद्यातून, पाठीतून कसा येतो, पेडलवरचा पाय किती कमी हलतो, हे शिकणाऱ्याने बघायचं कुठे? तुम्ही मॉस्कोत पाठ बघितलीत आणि त्यात काही गमावलं असं मानता. माझ्या एका विद्यार्थ्याला ती पाठ पाच मिनिटं दिसली असती तर माझे दोन वर्षांचे शब्द वाचले असते.

आणि सवाईचा_वारकरी, तुमच्या देवघेवीबद्दल. पियानोच्या मैफलीत मध्ये दाद द्यायचीच नसते. तिथली देवघेव शांततेतून होते, आणि ती काळोखातही पोचते. खोकलाही पोचतो.

टेपवेडा

खोकल्यावरून आठवलं. २५ फेब्रुवारी १९५८, सोफिया, बल्गेरिया. रिख्तर मुसोर्गस्कीची 'चित्रप्रदर्शनातली चित्रं' ही रचना वाजवताहेत. ऐन हिवाळा, अख्खं सभागृह खोकतंय, टेप खरखरतेय, काही स्वर चक्क चुकलेत. अमेरिकेत ते पहिल्यांदा गेले १९६०मध्ये, पण या ध्वनिमुद्रणाने त्यांचं नाव आधीच जगभर पोचवलं होतं.

माझा जन्म १९८४चा. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण ती मैफल शंभरेक वेळा ऐकली आहे. चूक कुठे येते, ती विसरून ते पुढच्या वळणावर कसे झेप घेतात, सगळं मला माहीत आहे. तिथे बसलेल्या माणसाला हे एकदाच मिळालं आणि घरी जाईपर्यंत निम्मं विरलं असेल.

म्हणून सरळ विचारतो, रागावू नका. तुम्हा दोघांच्या आठवणींवर भरवसा किती ठेवायचा? चाळीस वर्षांत आठवण आपली आपण वाजवायला लागते. उजेड असो की अंधार, तुम्ही आता ऐकताय ते रिख्तर नव्हेत. ते तुमचं स्वतःचं वादन आहे.

जुना_मॉस्कोकर

रागावलो नाही, पण रात्रभर विचार केला.

टेपवेडा, तुमचं म्हणणं एका बाबतीत खरं निघालं. मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलो की शुबर्टच्या त्या सोनाट्याची पहिली चाल, म्हणजे पहिला भाग, त्या दिवशी पाऊण तास चालली. काल त्यांचं १९७९चं लंडनचं ध्वनिमुद्रण घड्याळ लावून ऐकलं. सत्तावीस मिनिटांच्या आत संपते. तीही थोडी नव्हे, बाकीचे वादक त्याच चालीला साधारण सतरा ते वीस मिनिटं घेतात. पण पाऊण तास नाही. मी वाढवून सांगत होतो आणि मला ते माहीतही नव्हतं.

तरी हे आठवणीविरुद्ध धरू नये असं मला वाटतं. त्या दुपारी पाऊण तास गेला. घड्याळात नसेल, माझा गेला. टेपवर तो नाही.

कानांच्या दुखण्याचं मला ठाऊक नव्हतं. त्या दिव्याकडे मी इतकी वर्षं एक भूमिका म्हणून बघत आलो. त्यामागे भीती असेल हे मनात आलं नव्हतं. पट्टीवरची_बोटं, हे सांगितल्याबद्दल मनापासून आभार. आता तो पिवळा तुकडा आठवला की घसा दाटतो.

पण सवाईचा_वारकरी, देखाव्याचं नाही मान्य. ज्याला देखावा करायचा तो न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल सोडत नाही. हा माणूस १९७०नंतर अमेरिकेला परत गेला नाही. फ्रान्समध्ये तूरजवळ तेराव्या शतकातलं धान्याचं कोठार साफ करून घेतलं आणि तिथे १९६४पासून महोत्सव भरवला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मोटारीने लेनिनग्राडहून थेट व्लादिवोस्तोकपर्यंत गेला, वाटेतल्या सायबेरियातल्या गावांत वाजवत. ज्यांनी आयुष्यात पियानोची मैफल ऐकली नव्हती अशा माणसांसमोर. याला माणसं नको होती असं कसं म्हणता?

सवाईचा_वारकरी

सायबेरियाचं वाचून गप्प झालो. 'माणसं नकोत' हे शब्द मागे घेतो.

पण त्या गावातल्या पहिल्यांदाच ऐकणाऱ्या आजीचा विचार करा. इतक्या लांबून माणूस आला, आणि तिला त्याचा चेहरा दिसला नाही. माझा जीव तिथे अडकतो. तिला ऐकू आलं ते पुरेसं होतं हे आपण कोण ठरवणार, आणि त्यांनी तरी का ठरवावं?

पट्टीवरची_बोटं

जुना_मॉस्कोकर, एक विचारायचं राहिलं. तुम्ही होता ती बार्बिकनची मैफल चित्रित झालेली आहे. कॅमेऱ्याला त्या दिव्यात त्यांचा चेहरा आणि हात दिसतात. बघितलीत का?

जुना_मॉस्कोकर

आहे हे माहीत आहे. मुलीने दोनदा लावून द्यायची तयारी दाखवली. मी नाही बघितली. ए मायनरचे ते कॉर्ड माझ्याकडे आहेत तसे राहू देत.

सवाईचा_वारकरी

काका, बघा. आणि मग इथे येऊन सांगा.