१९७३ च्या आधीचा इराण

तेलाचं राजकारण १९७३ च्या अरब तेलबंदीपासून (अरब देशांनी इस्रायलला पाठिंबा देणाऱ्या अमेरिकेसारख्या देशांना तेल देणं थांबवलं तेव्हापासून) सुरू झालं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. त्याआधीचा इराण पाहायलाच हवा.

१९०१ मध्ये ब्रिटिश उद्योजक विल्यम नॉक्स डार्सीने इराणच्या शहाकडून ६० वर्षांचा तेलाचा मक्ता मिळवला. इराणच्या वाट्याला निव्वळ नफ्याचे फक्त १६ टक्के! १९०८ मध्ये इराणमधल्या मस्जिद सुलेमान या ठिकाणी तेल लागलं. ब्रिटिश आरमार तेव्हा कोळशावरून तेलाकडे वळत होतं. कोळसा वेल्समध्ये हवा तेवढा होता, तेल मात्र बाहेरूनच आणावं लागणार होतं. म्हणून १९१४ मध्ये आरमाराचे मंत्री असलेल्या चर्चिलच्या पुढाकाराने ब्रिटिश सरकारनेच डार्सीच्या मक्त्यावर उभ्या राहिलेल्या अँग्लो-पर्शियन तेल कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. इथून पुढे कंपनीचा नफा आणि साम्राज्याचं संरक्षण वेगळं काढणं अशक्य झालं. (इराणमधल्या अबादानच्या, याच कंपनीच्या रिफायनरीत हिंदुस्थानातून नेलेले मजूरही राबत होते. त्यांची आठवण आपल्याकडेही निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.)

१९५१ मध्ये इराणचे नेते मोसादेक (ते त्याच वर्षी पंतप्रधान झाले) यांच्या पुढाकाराने तेलाचं राष्ट्रीयीकरण झालं. ब्रिटनने इराणी तेलावर बहिष्कार घालून देशाची आर्थिक कोंडी केली आणि ऑगस्ट १९५३ मध्ये सीआयए (अमेरिकेची गुप्तचर संस्था) व ब्रिटिश गुप्तहेर खात्याने मिळून मोसादेक यांचं सरकार पाडलं. पुढच्याच वर्षी इराणी तेल ज्या कंपन्यांच्या गटाकडे गेलं, त्यात अमेरिकी कंपन्यांचा वाटा ४० टक्के होता. १९७९ च्या, शहाची सत्ता उलथवणाऱ्या क्रांतीत तेहरानच्या रस्त्यांवर अमेरिकेविरुद्ध उसळलेल्या संतापाचं एक मोठं मूळ मला या सौद्यात दिसतं.