'डिसग्रेस'वरील आक्षेप कितपत रास्त?

प्रश्न : जे. एम. कूट्सी यांच्या 'डिसग्रेस' या कादंबरीला १९९९ साली बुकर मिळाले, तरी वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेचे तिच्यातील चित्र एकांगी असल्याची टीका झाली. ती आपल्याला पटते का?

उत्तर १ : सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने २००० साली मानवी हक्क आयोगापुढे कादंबरीचा दाखला दिला, तो कृष्णवर्णीयांविषयी गोऱ्यांच्या मनात काय आहे हे दाखवण्यासाठी, त्यामुळे 'पक्षाने लेखकाला वंशवादी ठरवले' असे सरसकट म्हणणे घाईचे होईल.

उत्तर २ : सगळे काही प्राध्यापक डेव्हिड लुरीच्या नजरेतून दिसते, आणि विद्यार्थिनीवर केलेली जबरदस्तीही जो माणूस स्वतःच्या सोयीने पाहतो, त्याचे मुलगी लूसीच्या शेतावरील हल्ल्यानंतरचे, तिथे काम करणाऱ्या कृष्णवर्णीय पेट्रसविषयीचे तर्क आपण तसेच्या तसे का स्वीकारावेत? बहुतेक टीकाकार इथेच घसरतात. मला खटकते ती लूसी. ती चोरीची तक्रार करते, बलात्काराची करत नाही, पुढे जमीनही पेट्रसच्या नावे करायला तयार होते. पण का, हे बापाइतकेच वाचकालाही नीटसे उमगत नाही.

उत्तर ३ : सलमान रश्दींचा आक्षेप जवळपास वरच्या उत्तरातल्यासारखाच होता. मला मात्र लूसीचे ते न उलगडणेच प्रामाणिक वाटते, कारण लुरीला ती कळली असती तर कादंबरी खोटी पडली असती.