मदत हवी आहे: द्राक्षाच्या पैशातून परस्पर क्लेम कापला, पॅकहाऊसकडून कोणते कागद मागता येतात?

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग आहे, माल निर्यातीला जातो. या हंगामात दर ठरवून पॅकहाऊसला (निर्यातीचा माल थंड करून पेट्यांत भरणारं केंद्र) माल दिला. पॅकहाऊसच्याच टोळीने काढणी केली, त्यांच्याच माणसाने साखर आणि मण्याची साईज बघून प्लॉट पसंत केला. बरेचसे पैसे आले. उरलेले मागायला गेलो तर म्हणाले, रॉटरडॅमला कंटेनर उघडला तेव्हा देठ सुकलेले निघाले, आयातदाराने क्लेम (नुकसानभरपाईची मागणी) लावला, तेवढी रक्कम कापली. पुरावा म्हणून मोबाईलवर फोटो दाखवले. त्यात पेटीवरचा नंबरसुद्धा दिसत नाही. माल आमच्याच प्लॉटचा होता हे कशावरून?

आमच्याकडून किती कागद घेतात ते इथल्या बागायतदारांना सांगायला नको. ग्रेपनेटला (निर्यातीच्या द्राक्षाचा माग ठेवणारी अपेडाची ऑनलाइन नोंद) प्लॉटची नोंदणी, ग्लोबलगॅपची (चांगल्या शेतीपद्धतीचं खासगी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) वही, प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, प्रमाण, पीएचआय (फवारणी ते काढणी यात सोडायचे दिवस), पाण्याचा रिपोर्ट, रिकामे डबे कुठे ठेवले तेही. वहीत एक ओळ राहिली तरी ऑडिटर खूण करतो. याला माझी हरकत नाही. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याचा अंश युरोपात किलोला 0.01 मिलिग्रॅमच चालतो, मग शिस्त पाळावीच लागणार. 2010 साली सीसीसीच्या (क्लोरमेक्वाट, वेलीची वाढ रोखणारं रसायन) अंशावरून कंटेनर अडकले, ते ज्यांनी भोगलं ते वही कधी टाळणार नाहीत. पण तेव्हाही ते रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत नव्हतं आणि नुकसान मात्र बागेवर येऊन पडलं, हे मला विसरता येत नाही.

माझा राग एवढाच आहे की वही गेटपाशी संपते. देठ सुकण्याचं कारण बहुतेक वेळा काढणीनंतरचं असतं. क्रेट उन्हात थांबले, प्रीकूलिंगला (पाठवण्याआधी माल थंड करणं) उशीर झाला, वाटेत कंटेनरचं तापमान चढलं, तर हिरवा देठ तपकिरी होतो. माल काढल्यापासून काही तासांत थंड व्हायला हवा हे आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. मग आमचा माल प्रीकूलिंगला किती वाजता लागला, हे आम्हाला कोणी का दाखवत नाही? पैसे कापताना आमचा प्लॉट नंबर बरोबर सापडतो, त्याच नंबरावर खोलीच्या तापमानाची नोंदही सापडायला हवी ना?

दुसरी अडचण अशी की ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र गटाचं आहे आणि ते निर्यातदाराच्या नावावर आहे. भांडलो तर पुढच्या वर्षी त्या प्रमाणपत्रावर माल दुसऱ्याला देता येणार नाही. गावातले काही जण याच भीतीने गप्प आहेत. आमच्या शेतकरी कंपनीचा स्वतःचा गट करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी? आणि क्लेमचे कागद मागायचा आम्हाला हक्क आहे का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद 1
दादा, तोंडी मागू नका. नोंदणी करून स्पीड पोस्टाने पत्र द्या आणि ईमेलही करा. कंटेनर नंबर, तुमच्या प्लॉटच्या पेट्यांची यादी, तिकडच्या सर्व्हेचा अहवाल आणि कंटेनरमधल्या डेटा लॉगरची (वाटेतलं तापमान टिपणारं यंत्र) तापमानाची नोंद, एवढं नाव घेऊन मागा. लॉगरचा आलेख बघितला की चूक कुठली हे बरंचसं कळतं. दर ठरल्याचे व्हॉट्सॲप मेसेज, वजनाच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा. वसुलीच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते, वकिलाला लवकर भेटा. बाजार समितीकडून फार आशा धरू नका, 2016 पासून फळं-भाजीपाल्याचे आवाराबाहेरचे व्यवहार तिच्या हाताबाहेर गेलेत.

प्रतिसाद 2
गटाबद्दल सांगते. आमची महिला शेतकरी कंपनी आहे, प्रमाणपत्र आमच्याच नावावर आहे. गटात प्रत्येक सभासदाशी लेखी करार असावाच लागतो. तुमची सही असलेल्या कराराची प्रत आधी मागून घ्या, बाहेर पडायची अट त्यातच असते. एकच पीक एका वेळी दोन गटांत दाखवता येत नाही, म्हणून छाटणीच्या आधीच लेखी बाहेर पडा. गट चालवायला अंतर्गत तपासणीस लागतो, वह्या पूर्ण ठेवायला पगारी माणूस लागतो. खर्च आहे, पण माल कुणाला द्यायचा ते आपण ठरवतो. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे तक्रारीची सोय असते. पॅकहाऊसच्या नोंदींबद्दल तिथेही लिहा.

धागाकर्ता
ताई, दादा, मनापासून आभार. कराराची प्रत आम्हाला कधी मिळालीच नाही, सह्या मात्र घेतल्या होत्या. आता पत्रात पहिली मागणी तीच घालतो. गावातले आणखी बागायतदार सही करायला तयार झालेत. सगळ्यांनी मिळून एक पत्र द्यावं की प्रत्येकाने आपापल्या प्लॉट नंबराने वेगळं? पेट्या आणि कंटेनर प्रत्येकाचे वेगळे आहेत, म्हणून विचारतो.