प्रॉडक्शनचा ॲक्सेस सगळ्या टीमला असावा का?

रात्रपाळी:
आमच्याकडे नवा नियम येतोय. प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमचा, कायमचा ॲक्सेस फक्त तिघांना, बाकीच्यांनी तिकीट (लेखी विनंती) टाकून तासाभरापुरता मागायचा. माझा विरोध आहे. पहाटे तीनला अलर्ट वाजल्यावर लॉग (सिस्टिमच्या नोंदी) बघायचे की मंजुरीसाठी साहेबांना उठवायचं? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (कोड साठवायची सेवा) रिप्लिका, म्हणजे डेटाबेसची प्रत, समजून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी उडवली गेली. ३०० जीबीतले साडेचार उरले. ते करणारा तुमच्या त्या तिघांतलाच असता! खरं नडलं ते बॅकअपने. बॅकअप घेणारं टूल पीजी_डंप ९.२ व्हर्जनचं, डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता आणि फेल झाल्याच्या मेलही कुणाला पोचत नव्हत्या.

घाटमाथा:
असहमत. अमेरिकन बँक कॅपिटल वन, २०१९. चुकीच्या कॉन्फिगरेशनच्या फायरवॉलमधून त्या फायरवॉलच्याच आयएएम रोलचे (ॲमेझॉनच्या क्लाउडवर कुणाला काय करता येईल ते ठरवणारी ओळख) क्रेडेन्शियल्स बाहेर आले. त्या रोलला एस३ च्या (ॲमेझॉनची फाइल साठवायची सेवा) बकेट, म्हणजे त्यातले साठे, वाचायची मुभा होती. एकट्या अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती गेली. फायरवॉलला बकेट वाचून करायचंय काय?

रात्रपाळी:
पण तो मशीनचा रोल होता. इथे नियम माणसांना लावताय.

घाटमाथा:
चोराला काय फरक पडतो? तुमच्या लॅपटॉपवरची कायमची की (लॉगिनची किल्ली) सापडली तरी त्याचं काम झालंच. तासाभराने मरणारी की सापडून फारसा उपयोग नाही.

पेठेतला_एसआरई:
मंजुरी देणारे साहेब दुपारी १ ते ४ बंद असतात का, तेवढं आधी विचारून घ्या.

कुबेरनाथ:
दोघेही माणसं मोजत बसलात. २८ फेब्रुवारी २०१७ ला एस३ बसलं तेव्हा कमांड देणाऱ्याला अधिकार होता, तो प्लेबुकप्रमाणेच (ठरलेल्या पायऱ्यांप्रमाणे) चालला होता. एक इनपुट चुकला आणि हवे त्यापेक्षा जास्त सर्व्हर निघाले. चार तासांहून जास्त गोंधळ, आणि गंमत म्हणजे स्टेटस डॅशबोर्डही एस३ वरच अवलंबून, त्यामुळे तोही अपडेट होईना. नंतर ॲमेझॉनने टूलच बदललं: सर्व्हर हळू काढायचे, किमान क्षमतेखाली जाऊच द्यायचं नाही.

बाकी, सर्ट-इनच्या (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. सगळे एकाच 'ॲडमिन' लॉगिनने आत जात असाल तर त्या लॉगवरून कोण काय सांगणार?

रात्रपाळी:
वेगवेगळे लॉगिन मान्य. पण ऑन-कॉल (अलर्ट आला की उठायची पाळी असलेल्या) माणसाला तो तास आपोआप मिळावा, मंजुरीशिवाय. नोंद हवी तेवढी ठेवा.

घाटमाथा:
चालेल, पण त्याच क्षणी अख्ख्या टीमच्या चॅनलवर मेसेज पडला पाहिजे. आणि डिलीटची परवानगी त्यात नको.

रात्रपाळी:
डिस्क भरली म्हणून उठवलं असेल तर?