सर्वेक्षणातून नैराश्य कसे मोजतात?

प्रश्न : नैराश्याची लक्षणे विचारणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत १० गुण आले, तर त्या व्यक्तीला नैराश्य आहे असे धरावे का?

उत्तर १ : नाही. मागील दोन आठवड्यांतील नऊ तक्रारींना प्रत्येकी ० ते ३ असे एकूण २७ पैकी गुण मिळतात. १० ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे, कारण तान्ह्या बाळामुळे उडालेली झोपही त्यात मोजली जाऊ शकते.

उत्तर २ : म्हणूनच बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निदानाच्या निकषांवर बेतलेली ‘मिनी’ ही मुलाखत वापरली.

प्रश्नकर्ता : मग काही सर्वेक्षणांत पीएचक्यूचे आठच प्रश्न का असतात?

उत्तर १ : नववा प्रश्न आत्मघाताच्या विचारांचा आहे, होकार आल्यास मुलाखतकाराला तिथल्या तिथे पुरेशी मदत देता येत नाही, म्हणून तो गाळतात.