कुल्ल्याची लचक: कधी चोळायचं, कुठं, किती? (अनुभव धागा)

होममैदान
संक्रांत जवळ आली, आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाचा (मिरवणुकीत उचलायच्या उंच, जड काठीचा) सराव सुरू झाला. सराव बघितला की जुनं चित्र डोळ्यापुढं येतं: कट्ट्यावर पालथी पडलेली पोरं आणि वाटीत करडईचं कोमट तेल घेऊन त्यांचे कुल्ले रगडणारी म्हातारी माणसं. कुणाला लगेच आराम पडायचा, कुणाला दुसऱ्या दिवशी उठताही यायचं नाही. असं का होतं, ते जाणत्यांनी नीट लिहा की. काठीचा तोल सावरताना भार एका पायावर येतो, म्हणून दुखणं बहुतेक कुल्ल्याच्या बाहेरच्या, वरच्या अंगाला असतं.

हातगुण
सगळा खेळ वेळेचा. ताज्या लचकेत तंतू तुटलेले असतात, आत रक्त झिरपत असतं. पहिले २-३ दिवस रगडायचं नाही, शेकायचंही नाही. बर्फ पंचात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. काळंनिळं पडलं असेल तिथं तर हात लावूच नका. मार लागलेला स्नायू जोरात रगडला तर कधीकधी आत हाडासारखा कठीण गोळा धरतो आणि महिनोनमहिने जात नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हलका हात.

भवानीपेठ_ताई
जागा सांगते. कुशीवर झोपवा, दुखरी बाजू वर, गुडघ्यांच्या मधे जाड उशी. उशी नसली की पाय खाली लोंबतो, स्नायू ताणलेलाच राहतो आणि बोट आत शिरत नाही. कमरेच्या हाडाची कड चाचपा. तिच्याखाली ३-४ बोटांवर जो मांसल भाग लागतो, तो आपला. बाजूला खुब्याचं टोक लागतं त्याच्यावर दाब नको. हाडावर पाण्याची पातळ पिशवी असते, ती सुजली की त्या कुशीवर झोपणंच बंद.
तेल २ चमचे पुरे. जास्त झालं की हात घसरतो, पकड येत नाही. आधी ५ मिनिटं तळव्यानं सावकाश, खुब्याकडून कमरेकडं. मग अंगठ्यानं गाठ शोधून २०-३० सेकंद दाब धरायचा. समोरचा श्वास सोडेल तेव्हाच दाब वाढवा. श्वास रोखून धरला म्हणजे जास्त झालं. एका गाठीवर तीनदाच. सगळं मिळून १५ मिनिटांच्या वर जाऊ नका.

डाळीला_फोडणी
कुकर लावलाय, तेवढ्यात लिहिते. विडी वळणाऱ्या बायकांचं दुखणं वेगळं असतं ओ. दिवसभर मांडी घालून, मांडीवर सूप. त्यांचं दुखतं खोल, कंबरेखालचं त्रिकोणी हाड आणि खुबा यांच्या मधोमध. तिथल्या लहान स्नायूखालून सायटिकाची नस जाते, म्हणून तिथं कोपर घालू नका. पायात मुंग्या किंवा झिणझिण्या गेल्या तर तुम्ही नसेवर आहात, बोट लगेच सरकवा. आणि तासाला उठून ५० पावलं चालल्याशिवाय कितीही चोळा, परत आखडतं. शिट्टी झाली, आले.

नवीपेठ_३
चोळायला कुणी नसेल तर टेनिसचा चेंडू. सीझन बॉल नको, फार टणक, हाडाला लागतो. चेंडू लांब मोज्यात घालून मोजा खांद्यावरून धरा, म्हणजे खाली पडत नाही. भिंतीला दुखरी बाजू टेकून पाऊल भिंतीपासून फूटभर पुढं. जेवढं रेलाल तेवढा दाब. गाठ सापडली की ३०-४० सेकंद थांबा, चेंडू भराभरा फिरवत बसू नका. जमिनीवर झोपून करण्याची घाई नको, सगळं वजन एकदम येतं.

डाळीला_फोडणी
मोज्याची युक्ती लई कामाची! शेजारच्या मावशींना सांगते.

धोटा
मागावर उभं राहणाऱ्यांचं पुढून दुखतं, जांघेत. तुटलेला धागा जोडायला सारखं वाकायचं, सरळ व्हायचं. तिथं मात्र बोटं खुपसू नका, मोठी रक्तवाहिनी आहे, ठोके हाताला लागतात. ताण द्यायचा. दुखऱ्या बाजूचा गुडघा घडी घातलेल्या चादरीवर टेका, दुसरा पाय पुढं, दुखऱ्या बाजूचाच कुल्ला आवळून धरा आणि अंग अगदी थोडं पुढं न्या. ३० सेकंद, तीनदा. कंबर मागं वाकवली तर ताण जांघेत येतच नाही, तो कमरेत जातो.

जुळेसोलापूर
तेल कुठलं? एरंडेल का करडई? आणि घाण्याचं करडई सध्या कसं लिटर आहे?

भवानीपेठ_ताई
तेलानं तंतू जुळत नाहीत, तेल फक्त हात सरकायला. नुसतं एरंडेल चिकट, १ भाग एरंडेल ३ भाग तिळाचं असं करा. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, थेट गॅसवर नाही. मनगटावर थेंब टाकून बघा. साखर असलेल्यांच्या कातडीला कधीकधी चटका कळत नाही, त्यांचं आपण तपासायचं. भाव घाण्यावरच विचारा.

हातगुण
एक कळकळीनं लिहितो. म्हातारं माणूस पडलं, पाय टेकवत नाही, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, तर ती लचक नाही, खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. तेलाची वाटी ठेवा, न हलवता दवाखाना. पोटरी एकाच पायाची सुजून गरम झाली असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तरी चोळायचं नाही. जांघांच्या मधे बधिरपणा किंवा लघवीवर ताबा नाही, तर रात्र असली तरी निघा.

होममैदान
फार मोलाचं लिहिलंत. सरावाच्या पोरांना उशी आणि बर्फाचं आजच सांगतो.

जुळेसोलापूर
भोगीला यात्रेतल्या ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला मिरवणुकीबरोबर पूर्ण चालणार कोण कोण?

धोटा
आहोत की. मधे थांबाल तिथं पायऱ्यांवर मांडी घालून बसू नका, उभ्यानंच पाय हलवत राहा. बाराबंदी (यात्रेचा पांढरा पोशाख) धुवून ठेवली का?